तयार मॉड्यूल मिळत असताना पॉवर सप्लाय घरी का बनवला?

नमस्कार सर,

घरी बनवलेल्या पॉवर सप्लायवरच्या माझ्या लेखावर एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: दीडदोनशे रुपयांत बक कन्व्हर्टरचं (वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटचं) तयार मॉड्यूल मिळतं, तरी एलएम३१७ हा व्होल्टेज स्थिर ठेवणारा आयसी वापरून जुन्या पद्धतीचा, तापणारा पॉवर सप्लाय बनवणं म्हणजे वेळ घालवणं, शिकायचंच तर सिम्युलेशन पुरे, विद्यार्थ्यांना २३० व्होल्टच्या नादी लावू नये, आणि २४० ओहमऐवजी १२० ओहमचा रेझिस्टर घातला, ती चूक आहे.

सिम्युलेशनपासून सुरुवात करतो, कारण माझं खरं म्हणणं तिथेच आहे. सर्किट मी आधी सिम्युलेटरवर चालवलंच होतं. तिथे १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे नेमके १२ व्होल्ट. त्याचं शिखर १७, एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजमधल्या दोन डायोडचे १.४ वजा, कपॅसिटरवर साडेपंधरा. या आकड्यावर १६ व्होल्टपर्यंत सोसणारा कपॅसिटर चालून जाईल असं वाटतं. आता पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तपकीर गल्लीतून आणलेला १२ व्होल्ट, १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घ्या आणि काही न जोडता सेकंडरीवर (आउटपुटच्या वाइंडिंगवर) मल्टिमीटर लावा. माझ्याकडे १३.८ दिसले. १२ व्होल्ट हे पूर्ण लोडवरचं रेटिंग. लोड नसताना व्होल्टेज चढतं. त्यात रात्री लाइन २५० च्या आसपास गेली, की कपॅसिटरवर जवळजवळ २० व्होल्ट येतात. म्हणून २५ व्होल्टचा कपॅसिटर. सिम्युलेटरला वाइंडिंगचा रेझिस्टन्स आणि लाइनचा चढउतार सांगितला तर तोही हेच दाखवेल, मान्य. पण हे त्याला सांगायला हवं, हे मला मीटरवरचा आकडा बघून कळलं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि वर्गात क्वचितच कोणी बोलतं. १ अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरमधून डीसी बाजूला सतत १ अँपिअर घेता येत नाही. डायोड पूर्ण सायकलभर चालू नसतात. शिखराजवळ थोडा वेळ चालू होतात आणि तेवढ्यात कपॅसिटरची सगळी भरपाई करतात. करंट असा अरुंद, उंच टोकांचा असला की त्याची आरएमएस किंमत (उष्णतेच्या हिशेबात धरायची किंमत) सरासरीच्या दीडपटीहून जास्त भरते आणि वाइंडिंग तापतं ते आरएमएसनेच. म्हणून मी हा सप्लाय ६०० मिलिअँपिअरचाच म्हटला. त्या करंटला २२०० मायक्रोफॅरडवर हिशेबाने २.७ व्होल्टची रिपल (व्होल्टेजचं वरखाली होणं) येते, ४७०० वर १.३ ची. एलएम३१७ ला इनपुट आणि आउटपुटमध्ये दोनेक व्होल्टचं अंतर लागतं. २२०० ठेवला असता तर वरच्या व्होल्टेजला रिपलच्या प्रत्येक दरीत रेग्युलेशन, म्हणजे आउटपुट स्थिर ठेवणं, सुटलं असतं.

उष्णतेचं तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. ५ व्होल्ट, ६०० मिलिअँपिअर म्हणजे उपयोगाचे ३ वॅट, आणि आयसी जवळपास ६ वॅट उष्णता म्हणून टाकतो. हीटसिंकशिवाय चालवला तर आतलं थर्मल शटडाउन आउटपुट पाडतं. आणि हीटसिंक लावताना मध्ये अभ्रकाची चकती हवीच, कारण एलएम३१७ ची धातूची पाठ आउटपुटला जोडलेली असते, ७८०५ या दुसऱ्या रेग्युलेटर आयसीसारखी ग्राउंडला नाही. हे सगळं पत्करून लिनिअर, म्हणजे जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत घालवणारा सप्लाय का? हा सप्लाय मी मीडियम वेव्हच्या रेडिओसाठी बनवला. बाजारातल्या एलएम२५९६ च्या बक मॉड्यूलचं स्विचिंग १५० किलोहर्ट्झच्या आसपास चालतं, आणि त्याच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी थेट मीडियम वेव्हच्या पट्ट्यात पडतात. पुणे आकाशवाणी ७९२ किलोहर्ट्झवर लावून शेजारी ते मॉड्यूल सुरू करा, खरखर लगेच ऐकू येईल. मोटर किंवा एलईडी पट्टी चालवायची असती तर मीही बकच घेतला असता.

२३० व्होल्टची तुमची काळजी मला सगळ्यात मोलाची वाटते. लेखात ती एका ओळीत आली, म्हणून इथे नीट लिहितो. प्रायमरीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूच्या) फेजमध्ये स्विच आणि लहान स्लो-ब्लो (क्षणिक झटका सोसणारा) फ्यूज, प्रत्येक सांध्यावर स्लीव्ह, धातूच्या डब्याला अर्थिंग. पहिल्यांदा वीज देताना मध्ये सिरीज दिवा लावायचा: ६० वॅटचा, फिलामेंटचाच, एलईडी चालणार नाही. सगळं ठीक असेल तर कपॅसिटर भरेपर्यंत दिवा क्षणभर उजळतो आणि मावळतो. उजळलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. प्लग काढायचा आणि मग शोधायचं. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी हे एकट्याने करू नये, लॅब असिस्टंटना किंवा जाणत्या माणसाला शेजारी उभं करावं. पण विद्युत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने २३० व्होल्टला हातच लावू नये, हे मला पटत नाही. नोकरीत तो ४१५ व्होल्टच्या पॅनलसमोर उभा राहणार आहे. सवयी आत्ताच लागायला हव्यात.

आता १२० ओहम. आउटपुटचं व्होल्टेज ठरवणाऱ्या रेझिस्टरसाठी तुम्ही म्हणता तो २४० ओहम एलएम३१७ च्या डेटाशीटमधल्या (कंपनीच्या माहितीपत्रकातल्या) सर्किटमध्ये आहे, आणि तिथूनच तो सगळीकडे गेला. पण ते सर्किट एलएम११७ (त्याच घराण्यातला आयसी) आणि एलएम३१७ दोघांसाठी एकत्र छापलेलं आहे. रेग्युलेशन टिकायला एलएम११७ ला जास्तीत जास्त ५ मिलिअँपिअरचा किमान लोड लागू शकतो, एलएम३१७ ला १०. या रेझिस्टरवर आयसी कायम ठेवतो त्या १.२५ व्होल्टला २४० ने भागलं तर ५.२ मिलिअँपिअर येतात, १२० ने भागलं तर १०.४. बहुतेक आयसी २४० वरही नीट चालतात, पण एखादा असा निघतो की लोड काढला की आउटपुट हळूहळू वर सरकतं. १२० मुळे पॉट (व्होल्टेज बदलायचा फिरता रेझिस्टर) १ किलोओहमचा घ्यावा लागला आणि रेंज १.२५ ते साधारण पावणेबारा व्होल्ट झाली. तुमच्याकडे २४० वाला सप्लाय असेल तर लोड पूर्ण काढून एकदा मीटर लावून बघा आणि काय दिसतं ते इथे जरूर लिहा.