दिल्लीच्या आधी नागपूर बोललं होतं

"आपल्याकडे येगळं संविधान न्यायालय काऊन नाही बे?" एमपीएससीवाल्या छोट्यानं पोह्यावर तर्री ओतता ओतता विचारलं आणि आमची रविवारची सकाळ त्यातच गेली. कट्टा संविधान चौकापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे असले विषय इथं आपोआप निघतात. वकीलसाहेब आणि निवृत्त इतिहासमास्तर दोघंही हजर होते, म्हणजे आता सुटका नव्हती.

छोट्याचं गाऱ्हाणं साधं होतं. सुप्रीम कोर्टात जामीन, भाडेकरू, नोकरीची भांडणं, सगळंच जाऊन राह्यलं. घटनेचा अर्थ लावायला कलम 145(3) प्रमाणे किमान पाच न्यायमूर्ती लागतात, ते एकत्र बसवायचे कधी? "1984 मध्ये विधी आयोगानं 95 व्या अहवालात सांगितलं की कोर्टाचे दोन विभाग करा, एक घटनेचा, एक बाकीचा. 2009 मध्ये 229 व्या अहवालात पुन्हा तेच: घटनापीठ दिल्लीत ठेवा, अपिलं ऐकायला चार दिशांना चार पीठं द्या. कोणी ऐकलं का?"

चार पीठं म्हटल्याबरोबर कट्ट्यावर एकमत झालं की एक नागपूरलाच पाहिजे. ते सोडून पुढे जाऊ.

मास्तर म्हणाले, "आधी हे पाह्य की असली कोर्टं जन्मली कुठं. 1920 चं ऑस्ट्रिया. साम्राज्य कोसळलं, प्रजासत्ताक आलं. हान्स केल्सन नावाच्या प्राध्यापकानं मांडणी केली की साध्या जज्जानं संसदेचा कायदा मोडू नये, त्यासाठी एकच खास कोर्ट असावं. तो स्वतःही त्या कोर्टात बसला. 1930 मध्ये त्याले काढलं, 1933 मध्ये सरकारनं वटहुकूम काढून कोर्टच बंद पाडलं."

"म्हणजे फेल," मी म्हटलं.

"अरे थांब ना. हिटलर गेल्यावर जर्मनीनं तेच रोप पुन्हा लावलं. 1951, कार्ल्सरूहे. राजधानी तेव्हा बॉनला, कोर्ट तिच्यापासून दूर. सोळा न्यायाधीश, बारा वर्षं, दुसरी टर्म नाही. इटलीची राज्यघटना 1948 ची, कोर्ट सुरू झालं 1956 ले. दक्षिण आफ्रिकेनं तर जोहान्सबर्गच्या जुन्या तुरुंगाच्या आवारात बांधलं, जिथं गांधीजींना कोंडलं होतं. प्रत्येक ठिकाणी कारण एकच. जुने जज्ज जुन्या राजवटीचे हुकूम वाजवत आले होते, त्यांच्या हातात नवी घटना द्यायची कोणाची हिंमत नव्हती."

आपल्याकडे उलट झालं. 1937 च्या फेडरल कोर्टातले न्यायमूर्तीच 26 जानेवारी 1950 ला सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती झाले. माणसं तीच, पाटी नवी. मला हे कधी सुचलंच नव्हतं.

वकीलसाहेब इतका वेळ गप्प होते, म्हणजे दारूगोळा भरून राह्यले होते. "छोट्या, जर्मनीत खालच्या जज्जाले वाटलं की कायदा घटनेच्या विरुद्ध आहे, तर तो काय करते?"

"रद्द करते?"

"नाही. खटला थांबवते आणि प्रश्न कार्ल्सरूहेला पाठवते. आपल्याकडे घटनेचं कलम 226 आहे. हायकोर्ट स्वतःच कायदा रद्द करू शकते. आता 1975 आठव. आणीबाणी. 27 जूनला राष्ट्रपतींचा आदेश आला की समानता, जीवित-स्वातंत्र्य आणि अटकेपासून संरक्षण या कलम 14, 21, 22 च्या हक्कांसाठी कोर्टात जाता येणार नाही. तरी हायकोर्टांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकले. अलाहाबाद, दिल्ली, कर्नाटक, आणि आपलं नागपूर खंडपीठ. सरकारनं आधीच हरकत घेतली होती की हे अर्ज चालवताच येत नाहीत. नागपूरनं सांगितलं, येतात."

इथं मास्तरांना राहवलं नाही. 1936 पासून नागपूरला स्वतःचं हायकोर्ट होतं. विवियन बोस आणि हिदायतुल्ला दोघंही इथं मुख्य न्यायाधीश राहून मग सुप्रीम कोर्टात गेले. मूलभूत हक्क हे विशेष बहुमताच्या हातातलं खेळणं असू शकत नाही, अशी शंका हिदायतुल्लांनीच सज्जन सिंग खटल्यात मांडली होती. 1956 ला राज्यपुनर्रचनेत ते हायकोर्ट जबलपूरला गेलं आणि आमच्याकडे खंडपीठ उरलं. हे दुखणं नागपूरकर अजून काढतो. गंमत अशी की हायकोर्टांच्या या निकालांवर सरकारनं सुप्रीम कोर्टात केलेली सगळी अपिलं ज्या खटल्याच्या नावानं ओळखली जातात तो एडीएम जबलपूर. म्हणजे जुन्या घराचे दोन्ही वाटे एकच बोलले होते.

"आणि दिल्लीच्या सुप्रीम कोर्टानं काय केलं?" छोट्यानं डाव साधला. "28 एप्रिल 1976, चार विरुद्ध एक: असे अर्ज चालणारच नाहीत. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात उभे राहिले, पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलली, त्यांनी राजीनामा दिला. तो निकाल मोडायला 2017 उजाडलं. यशवंतराव चंद्रचूड त्या चौघांत होते आणि तो निकाल चुकला असं लिहिलं त्यांच्या मुलानं. मग तुमचं 226 कामाचं काय राह्यलं?"

वकीलसाहेबांनी चहा ढवळला. त्यात साखर केव्हाच विरघळली होती.

पोराचा मुद्दा बिनतोड होता. तरी मी वकिलाच्याच बाजूचा. शिखरावर घटनेसाठी वेगळे न्यायमूर्ती बसवा, माझी ना नाही. पण त्यासाठी हायकोर्टाच्या हातातलं 226 काढणार असाल तर नको. दिल्ली चुकली तेव्हा ती चूक होती हे दाखवायला नऊ हायकोर्टांचे निकाल कागदावर होते. ऑस्ट्रिया-जर्मनीच्या पद्धतीत ते नऊ प्रश्न पाकिटात घालून वर गेले असते आणि खाली कोणाचंच मत उरलं नसतं.

छोट्या हे मानायला तयार नव्हता. उठताना वकीलसाहेब म्हणाले, "उद्या साडेदहाला ये खंडपीठात. 226 ची रिट आहे माझी."

"कशाची?"

"एका शिक्षिकेच्या पेन्शनची."

"पेन्शनची?"

"हो बे. पेन्शनचीच."