पहिली स्टिक कार्बनचीच हवी, हा सल्ला चुकीचा आहे

पूल, म्हणजे टेबलावर स्टिकने बॉल मारून पॉकेटात घालायचा खेळ, नव्याने शिकणाऱ्यांना सध्या एक सल्ला सर्रास मिळतो. मोबाइलवर फिरतो, पार्लरमध्येही कुणीतरी छातीठोकपणे सांगतं. थोडक्यात तो असा: पार्लरच्या स्टिकने हात बिघडतो, म्हणून लगेच स्वतःची घ्या, घ्यायचीच तर कार्बन शाफ्टची (शाफ्ट म्हणजे स्टिकचा पुढचा निमुळता भाग), म्हणजे साइड मारताना, म्हणजे मध्याच्या डावी-उजवीकडे मारताना, व्हाइट (स्टिकने मारायचा पांढरा बॉल) भरकटत नाही, वजनदार घ्या, ब्रेकला, म्हणजे रचलेले बॉल फोडायच्या पहिल्या शॉटला, ताकद मिळते, टिप (टोकावरची चामड्याची चकती) जितकी बारीक तितका स्पिन, म्हणजे बॉलची फिरकी, जास्त, आणि टेबलावर घरंगळवून बघा, सरळ आहे की वाकडी ते लगेच कळतं. पाचही गोष्टी ऐकताक्षणी पटतात. त्या भरवशावर कॉलेजातली मुलं घरून पैसे मागून, कुणी पहिल्या पगारातून, गरजेच्या कितीतरी पट महाग स्टिक घेतात. मग टेबलाचं तासाचं भाडं भरायला हात आखडतो, आणि ज्या सरावाने खेळ सुधारला असता तोच राहून जातो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा तपासून बघू.

कार्बनपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथेच जातो. व्हाइटला मध्याच्या उजवीकडे टिप लावली तर तो स्टिकच्या रेषेत सरळ जात नाही, किंचित डावीकडे सरकून निघतो. हेच डिफ्लेक्शन. ते किती होईल हे मुख्यतः शाफ्टच्या पुढच्या टोकाच्या, साधारण शेवटच्या सहा-आठ इंचांच्या, वजनावर ठरतं. टोक हलकं असेल तर बॉलला लागताना तेच बाजूला ढकललं जातं आणि बॉल कमी सरकतो. अमेरिकेतल्या प्रेडेटर कंपनीने १९९० च्या दशकात हे मेपलच्या लाकडातच साधलं होतं: शाफ्ट टोकाला आतून पोकळ केला आणि फेरूल, म्हणजे टिपेखालची टोपी, आखूड ठेवली. त्यांचा कार्बन शाफ्ट कितीतरी वर्षांनी आला. तेव्हा डिफ्लेक्शन कमी होतं ते टोक हलकं असतं म्हणून, नुसत्या कार्बनमुळे नाही. शिवाय कमी होतं, नाहीसं होत नाही. कार्बन वापरणाऱ्यालाही साइड मारताना नेम थोडा बदलून धरावाच लागतो.

नवख्यासाठी याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे, आणि ती विकणारा कधी सांगत नाही. व्हाइटला बरोबर उभ्या मध्यरेषेवर मारलं तर कुठलीच स्टिक त्याला बाजूला सरकवत नाही. सुरुवातीचे महिने शिकायचं असतं ते हेच: मध्यावर मारून बॉल थांबवणं, वर मारून तो पुढे नेणं (फॉलो), खाली मारून मागे आणणं (ड्रॉ). नवख्याकडून साइड लागते ती बहुतेक वेळा नकळत, हात वळल्यामुळे. समजा शॉट मारताना मागचा हात उजवीकडे गेला. ब्रिजच्या, म्हणजे स्टिकला टेकू देणाऱ्या पुढच्या हाताच्या, बोटांवर स्टिक फिरते आणि टिप डावीकडे जाते. स्टिकचं तोंड डावीकडे झालं, म्हणजे बॉलही डावीकडे जाणार. पण टिप मध्याच्या डावीकडे लागली आहे, म्हणून डिफ्लेक्शन त्याला उजवीकडे ढकलतं. दोन चुका एकमेकींना खातात. साधा मेपल शाफ्ट आणि दहा-बारा इंचांचा ब्रिज (त्या हातापासून बॉलपर्यंतचं अंतर) असेल तर हे बऱ्यापैकी जुळून येतं. बॉलवर नको असलेला स्पिन राहतो, पण तो जातो जवळपास ठरवलेल्या रेषेतच. कमी डिफ्लेक्शनच्या शाफ्टवर तेवढाच ब्रिज ठेवलात तर दुसरी चूक पहिलीला पुरी पडत नाही आणि पॉट हुकतो, बॉल पॉकेटात जात नाही. अचूकतेसाठी म्हणून घेतलेला शाफ्ट शिकाऊ हाताच्या या चुकीला उलट कमी माफ करतो.

कार्बनची एक बाजू मला मान्य आहे. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात मेपल हवेतला दमटपणा ओढून घेतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत राहिलेला किंवा महिनोन्‌महिने भिंतीला टेकवून ठेवलेला शाफ्ट वाकतो. कार्बन असा वाकत नाही, त्याला सहजी पोचे पडत नाहीत आणि ओल्या फडक्याने पुसला की स्वच्छ होतो. ज्याचा हात बसला आहे, जो साइड समजून-उमजून मारतो, त्याने खुशाल घ्यावा. बाकीच्यांसाठी मेपल आणि स्टिक ठेवायची एक बरी कडक केस पुरते.

वजनाचा मुद्दा साध्या गणितात निकाली निघतो. पूलचा बॉल साडेपाच ते सहा औंसांचा असतो आणि स्टिक बहुधा अठरा ते एकवीस औंसांची, म्हणजे साधारण ५१० ते ५९५ ग्रॅमची. हाताचा वेग तोच ठेवून १९ औंसांऐवजी २१ औंसांची स्टिक घेतली, तर टकरीच्या नियमानुसार बॉलचा वेग वाढतो फक्त दोन-अडीच टक्के. जड स्टिकला तोच वेग देणं हाताला अवघड जातं, त्यामुळे एवढा फायदाही पदरात पडेलच असं नाही. ब्रेकमध्ये बॉल फुटतात ते हाताच्या वेगाने आणि पुढच्या बॉलला भरीव धडक बसण्याने. वजन निवडायचं ते स्टिक हातात सहज झुलते का हे बघून. १९ च्या आसपास सुरुवात केलीत तर सहसा चुकत नाही.

बारीक टिपेचं वेड आपल्याकडे स्नूकरमधून आलं असावं, असं मला वाटतं. स्नूकर जन्मलं तेच १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, आणि इथल्या बऱ्याच क्लबांत हा खेळ पूलच्या आधीपासून आहे. स्नूकरची स्टिक सहसा अ‍ॅश लाकडाची, पितळी फेरूलची आणि साडेनऊ-दहा मिलिमीटर टिपेची असते, कारण तिथला बॉल ५२.५ मिलिमीटरचा असतो. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा, वजनानेही जास्त; त्यासाठीची टिप साडेबारा-तेरा मिलिमीटरची असते. स्पिन ठरतो तो टिप मध्यापासून किती लांब लागली यावर. ही मर्यादा बॉलच्या त्रिज्येच्या साधारण निम्म्यावर, म्हणजे चौदाएक मिलिमीटरवर येते. त्यापलीकडे मारलं की टिप घसरते, मग ती बारीक असो की जाड. टिप बॉलला चिकटते तेवढा भागही जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा असतो. बघायचा तो टिपेचा गोलावा. एक रुपयाचं सध्याचं नाणं उभं धरून टिपेशेजारी लावा. टिपेची कमान नाण्याच्या कडेशी साधारण जुळायला हवी. टिप सपाट झाली असेल तर मध्यापासून लांब मारताना बॉलला तिची धार लागते आणि शॉट हातचा जातो. नवख्याला रुंद टिपच बरी, नेम जरासा चुकला तरी सांभाळून घेते.

घरंगळवून बघण्याने थोडंफार कळतं, पण नवखा नेमकी चुकीची गोष्ट बघतो. शाफ्ट निमुळता असल्याने त्याच्याखाली फट असतेच. लाकूड किंचित कमी गोल तासलं गेलं असेल किंवा खालच्या कापडावर वळी पडली असेल तरी त्या फटीतला उजेड लुकलुकतो. त्यावरून स्टिक वाकडी ठरवू नका. टिप वर-खाली नाचते का, ते बघा. मग शाफ्ट आणि बट (मागचा जाड भाग) वेगळे करून दोन्ही स्वतंत्र घरंगळवा. दोन्ही सरळ असून जोडल्यावर नाचत असतील तर दोष जॉइंटमध्ये आहे. अशी स्टिक परत ठेवा. आणि सुतार फळी बघतो तसं बटाकडून एक डोळा मिटून टिपेपर्यंत नजर टाका, स्टिक हळूहळू फिरवत. खरा बाक तिथे लपत नाही.

राहिला पार्लरच्या स्टिकने हात बिघडण्याचा मुद्दा. यात तथ्य एवढंच, की दर वेळी निराळी स्टिक हातात आली तर हाताला सवय कशाचीच लागत नाही. त्यावर उपाय फुकट आहे. पार्लरच्या बऱ्याच स्टिकांच्या बटावर १८, १९, २० असा आकडा छापलेला असतो, तो औंसांचा. एक सरळ स्टिक हेरून ठेवा आणि रोज तीच उचला. तिची टिप काचेसारखी गुळगुळीत होऊन चमकत असेल, चॉक घासलं तरी निळेपणा धरत नसेल किंवा तिच्या कडा फेरूलबाहेर आल्या असतील, तर मार्करला, म्हणजे पार्लरमध्ये टेबलं सांभाळणाऱ्याला, सांगून टिप घासून किंवा बदलून घ्या. अशा टिपेने घसरलेला प्रत्येक शॉट मुलं स्वतःच्या हाताच्या नावावर मांडतात आणि महाग शाफ्टच्या शोधात निघतात. बिघाड असतो चामड्याच्या एवढ्याशा चकतीत.

दर आठवड्याला खेळणं होतंय, न हुकता मध्यावर मारता येतंय, असं झालं की स्वतःची जरूर घ्या. साध्या मेपलची, ५८ इंचांची, दोन तुकड्यांची, मध्यम कडक टिपेची. पार्लर अगदी अरुंद असेल आणि भिंत आड येत असेल, तर तेवढ्या शॉटपुरती तिथली आखूड स्टिक वापरावी. स्वतःची आखूड घेऊ नये. सेकंडहँड मिळाली तरी चालेल, वर सांगितलेली तपासणी तेवढी करा. फक्त स्क्रूने बसवलेली टिप असेल तर ती घेऊ नका. त्या टिपा खेळता खेळता सैल होतात. फेरूलवर चिकटवलेली चामड्याची टिप हवी, झिजली की मार्करकडून नवी बसवून घेता येते.