क्लीनरच्या बाटलीत आपण पाणीच विकत घेतो

काच किंवा ओटा पुसायचा तयार स्प्रे घ्या. त्यात बहुतेक वेळा नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. हे पाणी प्लास्टिकच्या बाटलीत भरायचं, ट्रकने आणायचं आणि जिथे नळ आहे अशाच इमारतीत उतरवायचं! हाउसकीपिंगमधलं प्लास्टिक कमी करायची चर्चा मात्र हिरव्या पानाचं चित्र छापलेल्या पिशव्यांवरच अडकते. माझं मत स्पष्ट आहे: हे प्लास्टिक कमी होतं ते स्टोअर रूममध्ये, मोजून केमिकल काढणाऱ्या हातात. आणि रिफिल नीट जमणार नसेल तर ते न केलेलं बरं.

हिशोब सोपा आहे. 1:100 चं कॉन्सन्ट्रेट (पाणी घालून वापरायचं दाट केमिकल) असेल तर 10 लिटरच्या बादलीला 100 मिली लागतं. 5 लिटरच्या एका कॅनमधून साधारण 500 लिटर द्रावण होतं, म्हणजे अर्ध्या लिटरच्या हजार बाटल्या वाचतात. फसतं ते मोजण्यात. झाकणाने अंदाजपंचे ओतलं की हात सढळ सुटतो. जादा केमिकलचा चिकट थर फरशीवर राहतो, त्याला धूळ धरते, फरशी काळपट दिसते. मग 'माल हलका आलाय' म्हणत आणखी ओततात. अशी फरशी आधी दोन-तीनदा नुसत्या पाण्याने पुसून थर काढावा लागतो, तोवर योग्य प्रमाणाचा गुण दिसतच नाही.

कॅनवर मापाचा पंप बसवा. त्याचा एक दाब किती मिलीचा आहे ते मेजरिंग जारमध्ये पाहून कॅनवर मार्करने लिहा. अर्ध्या लिटरच्या बाटलीला 5 मिली लागतं आणि एवढं थोडं माप पंपाने नीट निघत नाही. म्हणून 5 लिटर द्रावण एकदम करा (50 मिली पुरतं) आणि त्यातून बाटल्या भरा. आधी पाणी, मग केमिकल. उलट केलं की नुसता फेस. आठवड्यात संपेल एवढंच बनवा, कारण पाणी घातल्यावर त्यातलं प्रिझर्व्हेटिव्हही पातळ होतं आणि उरलेल्या द्रावणाला वास मारू लागतो.

भिंतीवरचा डायल्यूशन डिस्पेन्सर (नळाच्या पाण्यात केमिकल आपोआप मिसळणारं यंत्र) चांगलाच, पण त्याच्यावर आंधळा विश्वास नको. तो पाण्याच्या दाबावर केमिकल ओढतो. दाब कमी झाला किंवा जड पाण्याच्या क्षारांनी बारीक टिप तुंबली की बादलीत जवळजवळ नुसतं पाणी पडतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. महिन्यातून एकदा ओढायची नळी 200 मिली केमिकलच्या जारमध्ये सोडा आणि 10 लिटरची बादली भरा. 1:100 ला जारमधून 100 मिली गेलं पाहिजे. 60 च गेलं असेल तर टिप काढून साफ करा.

बाटलीपेक्षा तिच्या स्प्रे ट्रिगरचा प्रश्न वाईट. त्यात प्लास्टिकचे दोन-तीन प्रकार असतात, बहुतेकांत स्टीलची स्प्रिंगही, त्यामुळे तो भंगारातही नीट जात नाही. नोझलमध्ये केमिकल वाळून खडे धरतात आणि बाटलीसकट सगळं फेकलं जातं. आठवड्याला कोमट पाणी भरून दहा-बारा वेळा दाबलं तरी तो बराच टिकतो.

प्रत्येक बाटलीवर नाव, प्रमाण आणि तारीख हवीच. पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत केमिकल कधीही भरू नका, कुणीतरी ते पितं. ॲसिडवाल्या टॉयलेट क्लीनरच्या बाटलीत हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच) भरला तर क्लोरीन वायू सुटतो. प्लास्टिक वाचवण्याच्या नादात हा धोका पत्करायचा नाही.

आता हँडवॉश. इथे रिफिलचा सगळ्यात जास्त गैरवापर होतो. डिस्पेन्सर अर्धा रिकामा दिसला की वरून ओतायचं, वर्षानुवर्षं. तळाशी आणि पंपात बुळबुळीत थर जमतो आणि त्यात सेराशिया, स्यूडोमोनाससारखे जिवाणू वाढतात. मग हात धुऊन माणूस जंतू घेऊनच बाहेर पडतो. पूर्ण रिकामा करा, गरम पाण्याने धुवा, पंपातूनही पाणी काढा, पूर्ण वाळवा, मगच भरा. हे शक्य व्हायला डब्यांचे दोन संच लागतात: एक भिंतीवर, एक वाळत. तेवढी शिस्त नसेल तर सीलबंद पाऊच वापरा. पाऊच बऱ्याचदा अनेक थरांचा असल्याने रिसायकलला अवघड, पण त्यात बाटलीपेक्षा प्लास्टिक खूप कमी. आणि फोमच्या पंपात साधा जाड साबण पाणी घालून भरायची आयडिया सोडा. जाळी तुंबते.

गार्बेज बॅग हा दुसरा मोठा खड्डा. टेबलाखालच्या डस्टबिनमध्ये दोन कागद असतात आणि रोज संध्याकाळी पिशवी बदलते. टेबलाखालचे डबे काढून मजल्यावर एक-दोन ठिकाणी मोठे डबे ठेवले की पिशव्या आपोआप घटतात. माप चुकलं तरी पिशव्या वाया जातात: रुंदी हवी डब्याच्या निम्म्या परिघापेक्षा थोडी जास्त, लांबी हवी उंची + निम्मा व्यास + दुमडायला 10 सेंटिमीटर. 30 सेंटिमीटर व्यासाच्या, 40 उंचीच्या डब्याला 50 × 65 ची पिशवी बसते. फार पातळ घेतली की फाटते, मग दोन-दोन लावतात. कंपोस्टेबल पिशव्या बहुतेक औद्योगिक कंपोस्टिंगच्या उष्णतेतच कुजतात, आणि 'ऑक्सो-डिग्रेडेबल' (लवकर तुटावी म्हणून रसायन मिसळलेली प्लास्टिकची पिशवी) नुसती तुकडे होऊन पसरते. युरोपीय संघाने 2019 च्या निर्देशात तिच्यावर बंदी घातली ती उगाच नाही. रुग्णालयातल्या संसर्गजन्य कचऱ्याच्या पिशव्यांत मात्र काटकसर नको.

वेट वाइप्सऐवजी फडकी वापरायची तर कापड बघून. क्वाट (क्वाटर्नरी अमोनियम) प्रकारचं जंतुनाशक सुती कापड स्वतःतच शोषून धरतं, पृष्ठभागावर कमी पोहोचतं. मायक्रोफायबर शेकडो धुण्या टिकतो, फक्त ब्लीच आणि सॉफ्टनर नको. तोही प्लास्टिकच आहे आणि धुताना तंतू सोडतो, हे मान्य करूनच वापरायचा.

खरेदीवाल्यांना एकच सांगणं: कोटेशनमध्ये कॅनचा लिटरमागे भाव मागू नका, तयार द्रावणाचा लिटरमागे खर्च मागा. रिकामे कॅन परत नेण्याची अट ऑर्डरमध्येच घाला. आणि परत देण्याआधी कॅन तीनदा खळबळून ते पाणी त्याच केमिकलच्या पुढच्या बादलीत ओता.