‘दोन वायरी जोडायचे एवढे पैसे?’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. एक स्टार देताना तुम्ही चार तक्रारी लिहिल्यात. गाडी कुठे आहे ते दाखवणारा जीपीएस ट्रॅकर ऑनलाइन स्वस्तात मिळतो आणि फिटिंग म्हणजे दोन वायरी जोडणं. आठ गाड्यांना तीन वेगवेगळे दर लावले. एक पिकअप २५ मिनिटांत झाली तरी पूर्ण पैसे घेतले. आणि जी कार त्या दिवशी आलीच नाही तिचेही पैसे बिलात आहेत. यातली दीड तक्रार बरोबर आहे. बाकीच्या अडीचचं उत्तर खाली देतोय.

आधी वायरी. त्या दोन नसतात, किमान तीन असतात: डायरेक्ट सप्लाय (बॅटरीची, कायम चालू), अर्थिंग आणि चावीची सप्लाय (चावी फिरवल्यावरच येणारी). गाडी लांबून बंद करायची सोय हवी असेल तर रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचची) वायरिंग वेगळी. जोडण्याचं काम खरंच थोडं आहे. वेळ जातो तो कुठे जोडायचं हे ठरवण्यात. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत चावी काढल्यावरही काही लाइनींत थोडा वेळ करंट राहतो, मग गाडीचं कंट्रोल मॉड्यूल तो तोडतं. घाईत मीटर लावला तर अशी वायर डायरेक्ट वाटते. तिथे ट्रॅकर जोडला की गाडी उभी राहिल्यावर थोड्या वेळाने तो बाहेरच्या सप्लायवरून तुटतो, आतल्या छोट्या बॅटरीवर काही तास तग धरतो आणि पहाटे ऑफलाइन जातो. मालकाला वाटतं सिम खराब, आणि सिम बदलत बसतात. म्हणून आमचा माणूस गाडी लॉक करून ती पूर्ण ‘झोपेपर्यंत’ थांबतो आणि पुन्हा मोजतो. तुम्हाला तो नुसता उभा दिसला असेल, तेव्हा हेच चाललं होतं.

चावीच्या वायरचंही तसंच. अ‍ॅक्सेसरीची (रेडिओ वगैरेची) लाइन धरली तर सेल्फ मारताना ती क्षणभर जाते, आणि गाडी उभी ठेवून कोणी गाणी ऐकत बसलं तरी रिपोर्टमध्ये इंजिन चालू दिसतं. ड्रायव्हरशी नाहक भांडण होतं. टेस्ट लॅम्प टोचत गेलं तर वायर पटकन सापडते हे आम्हालाही माहीत आहे. पण त्या बल्बने ओढलेला करंट मॉड्यूलच्या किंवा एअरबॅगच्या नाजूक लाइनला महागात पडू शकतो, त्यामुळे मल्टिमीटरशिवाय काम नाही. जोड सोल्डर करून वर श्रिंक स्लीव्ह. अर्थिंगला रंग खरवडून लग आणि बोल्ट. फ्यूज २ किंवा ३ अँपिअरचा, आणि तो सप्लाय घेतली तिथून वीतभर अंतराच्या आत. ट्रॅकरजवळ फ्यूज लावणारे पुष्कळ आहेत. तसं केलं की मधल्या सगळ्या वायरला फ्यूजचं संरक्षण राहत नाही, ती घासून बॉडीला टेकली तर फ्यूजला पत्ताही लागत नाही.

आता तीन दर. कारचं साधं फिटिंग १ धरलं तर पिकअपही १, तुमचे तीन ट्रक प्रत्येकी दीडपट आणि इंधन सेन्सरवाला चौथा ट्रक चारपट. बिलात मात्र आम्ही नुसतं ‘फिटिंग अ, ब, क’ लिहिलं. त्यातून कोणालाही काही कळणार नाही. ही आमची चूक, अर्धी तक्रार इथे मान्य.

ट्रकला दीडपट का? तुमच्या ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची, दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढणं सोपं असतं, पण मग दोन्ही बॅटऱ्या एकसारख्या चार्ज होत नाहीत आणि एक लवकर बसते. इंजिन चालू असताना व्होल्टेज २८ च्या आसपास जातं, म्हणून ज्या डिव्हाइसवर ‘२४ व्होल्टपर्यंत’ लिहिलंय ते ट्रकला चालत नाही. तुम्ही ऑनलाइन दाखवलेलं स्वस्त डिव्हाइस याच कारणाने आम्ही ट्रकला लावायचं नाकारलं होतं. शिवाय बॅटरीचा मेन स्विच. त्याच्या आधी सप्लाय घेतली नाही, तर ड्रायव्हरने रात्री स्विच बंद केला की ट्रॅकरही गेला.

तिन्ही ट्रकना तुम्ही कटऑफ, म्हणजे लांबून बंद करायची सोय, मागितला होता. त्यासाठी २४ व्होल्टचा रिले लागतो. १२ चा लावला तर कॉइल तापून जळते. रिले सुटताना उसळणारं व्होल्टेज अडवायला कॉइलवर उलटा डायोड लागतो. रिलेची ८७ए पिन (कॉइलला करंट नसताना जोडलेली राहणारी) वापरायची, म्हणजे ट्रॅकर मेला तरी ट्रक सुरू होतो. आणि आम्ही लाइन तोडतो ती सेल्फची, इंधनाची नाही. चालता ट्रक रस्त्यात बंद पडला तर स्टेअरिंग जड होतं, ब्रेकची ताकदही हळूहळू कमी होऊ शकते. सेल्फ तोडला तर उभा ट्रक पुन्हा सुरू होत नाही, एवढंच. इंधनाची लाइन तोडून द्या असा आग्रह आम्ही कोणाचाच मानत नाही.

सेन्सरवाल्या ट्रकची चारपट तुम्हाला सगळ्यात जास्त टोचली आहे. टाकी ३०० लिटरची. ती रिकामी करून वरून भोक पाडायचं, सेन्सरची सळई टाकीच्या उंचीप्रमाणे कापायची (तळापासून साधारण २ सेंटिमीटर वर, नाहीतर साचलेलं पाणी आणि गाळ रीडिंग बिघडवतो). मग सपाट जागेवर २० लिटर ओतायचे, पातळी स्थिर होऊ द्यायची, आकडा नोंदवायचा. असं १५ वेळा. टाकीचे कोपरे गोल असतात, म्हणून पाव उंची म्हणजे हमखास पाव डिझेल नव्हे. रिकामी आणि भरलेली असे दोनच आकडे घेऊन अर्ध्या तासात मोकळं होणारेही भेटतील, पण मग मधल्या पातळीवरचे लिटर चुकतात आणि चोरीच्या खोट्या सूचना येत राहतात.

पिकअपची तक्रार पूर्ण बरोबर. पहिलीला ७० मिनिटं लागली, दुसरी त्याच मॉडेलची. वायरी सापडलेल्या होत्या, म्हणून ती २५ मिनिटांत झाली आणि तो फायदा तुम्हाला मिळायला हवा होता. एकाच दिवशी त्याच मॉडेलच्या पुढच्या गाडीला आता पाऊण दर, आणि हा फरक तुमच्या बिलातून वजा केलाय. त्याच हिशोबाने दुसऱ्या आणि तिसऱ्या ट्रकचाही. आठ गाड्या म्हणून सरसकट सवलत मात्र नाही. वेगळ्या मॉडेलचा डॅशबोर्ड पुन्हा पहिल्यापासूनच उघडावा लागतो.

न आलेल्या कारचे आम्ही अर्धे पैसे लावलेत, पूर्ण नाही. तिच्यासाठी राखलेला वेळ दुसऱ्या कोणाला देता आला नाही. ते तसेच राहतील.

ती कार आणाल तेव्हा एक गोष्ट आधी सांगा: ती आठवडेच्या आठवडे उभी असते का? ट्रॅकर सतत जागा ठेवला तर ४० मिलिअँपिअरच्या हिशोबाने दिवसाला सुमारे १ अँपिअर-तास जातो, गाडीचा स्वतःचा खर्च वेगळा. तीन आठवड्यांत ४० अँपिअर-तासाची बॅटरी सेल्फ मारण्यापलीकडे गेलेली असू शकते. स्लीप मोडमध्ये ५ मिलिअँपिअर धरले तर तोच खर्च दिवसाला ०.१२ वर येतो, पण उभ्या गाडीचं लोकेशन मग दर ६ तासांनी एकदाच दिसेल. दोन्हींतलं काय हवं ते फिटिंगच्या आधी कळवा, सेटिंग त्याप्रमाणे करून देऊ. त्याचे वेगळे पैसे नाहीत.