श्रद्धांजली टाकली, झालं?

नात्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी गेल्याची बातमी आली की माझं डोकं फिरतं. दहा मिनिटांत जोडलेल्या हातांची रांग लागते. एकाने लिहिलेलं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ बाकीचे जसंच्या तसं चिकटवतात, आणि मध्येच कुणाचं तरी ‘शुभ सकाळ’चं गुलाबाचं फूल येऊन पडतं. अहो, त्या घरी फोन किती जण करतात? दहाव्याला किती जण जातात?

सुतकाच्या घरी चूल पेटायची नाही, म्हणून शेजारून पिठलं-भात जायचा. बोलायला काही सुचलं नाही तरी माणूस तासभर नुसता जवळ बसायचा. त्या बसण्याला पर्याय नाही.

२०१६ मध्ये ग्रुपात २५६ जणांची मर्यादा होती, २०२२ मध्ये ती १०२४ झाली. एवढ्या गोतावळ्यातल्या चौघांनाही त्या घरचा जिना चढवत नाही? परगावी, परदेशी असाल तर समजू शकतो. पण फोन तिथूनही लागतो!

आणि मागे राहिलेल्या काकूंना ग्रुपवर ‘काळजी घ्या’ एवढंच लिहून मोकळे होऊ नका. त्यांना विचारा, बँकेच्या कागदपत्रांसाठी सोबत कोण येतंय, रात्री घरात झोपायला कोण आहे.