जोडसुट्टीचे पंचांग

पूर्वी आमच्या घरी नवे कॅलेंडर भिंतीवर लागले की आई आधी एकादशा आणि संकष्ट्या पाहत असे. हल्ली ते प्रथम बायकोच्या हाती पडते आणि ती राष्ट्रीय सण कोणत्या वारी आले आहेत एवढेच तपासते. 2026 सालच्या कॅलेंडरवर तिचा विशेष लोभ आहे, कारण त्यात प्रजासत्ताक दिन सोमवारी, महाराष्ट्र दिन शुक्रवारी आणि गांधी जयंतीही शुक्रवारीच आली आहे. स्वातंत्र्यदिन मात्र शनिवारी आल्याचे दिसताच तिने असा काही सुस्कारा सोडला, की घरात काहीतरी अशुभ घडले असावे अशा समजुतीने शेजारच्या काकू डोकावून गेल्या. शनिवारी येणारी सुट्टी ही सुट्टी नसून पगारदार माणसाची उघड फसवणूक होय, असे तिचे मत आहे, आणि आमच्या संसारात ज्या मोजक्या विषयांवर पूर्ण एकमत आहे, त्यांतला हा एक आहे.

त्या कॅलेंडरच्या ज्या चौकोनांत एके काळी दुधाचे खाडे लिहिले जात, त्यांत आता ‘काजवे’, ‘कासवे’, ‘फुले’, ‘रण – पौर्णिमा’ अशा नोंदी असतात. एखाद्या परक्या माणसाने ते पाहिले तर हे घर वनखात्यातल्या बड्या अधिकाऱ्याचे असावे असे त्याला वाटेल. वास्तविक मी लेखा विभागात आहे, आणि हिशेबाच्या वहीत न मावणारी कोणतीही गोष्ट मला स्वभावतःच संशयास्पद वाटते.

आपला देश फार मोठा आहे, या गोष्टीचा शाळेत असताना अभिमान वाटत असे. आता तिचा त्रास होतो. मार्च-एप्रिलमध्ये श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी ट्यूलिप फुलतात आणि जेमतेम तीन-चार आठवड्यांत आपला कारभार आटोपतात. ते हुकले म्हणून हळहळावे, तोवर मे महिन्याच्या अखेरीस भंडारदऱ्याचे काजवे चमकू लागतात. त्यातून सावरेपर्यंत 1 जूनला उत्तराखंडातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स उघडलेली असते. सप्टेंबरात कास, कार्तिकात पुष्करचा मेळा, डिसेंबरात नागालँड, आणि या सगळ्यांना पुरून उरणारे कच्छचे रण. आसेतुहिमाचल कुठे ना कुठे काहीतरी उमलत, उडत किंवा अंड्यातून बाहेर येत असते, आणि ‘आत्ता गेलो नाही तर गेले वर्ष’ हा धाक बारा महिने आमच्या डोक्यावर टांगलेला असतो. पूर्वीच्या सहली बऱ्या होत्या. किल्ला कधी हुकत नाही. तो तीनशे वर्षे तिथेच उभा आहे, आणखी दोन वर्षांनी गेलो तरी त्याची तक्रार नसते, आणि आपण चढून जाईपर्यंत त्याचा बहरही ओसरत नाही.

या हंगामी पर्यटनातली मूळ अडचण अशी, की त्यात तीन निरनिराळी पंचांगे एकमेकांशी जुळवावी लागतात. फुले, काजवे आणि कासवे पावसावर व उष्णतेवर चालतात, जत्रा आणि मेळे चंद्रावर चालतात, आणि मी आस्थापना विभागाच्या परिपत्रकावर चालतो. कच्छचे पांढरे रण चांदण्यात पाहावे असे सगळेच सांगतात. परंतु पौर्णिमा शनिवारी यावी, ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातलीच असावी आणि त्याच सुमारास मुलीची घटक चाचणी नसावी, असा त्रिवेणी योग पत्रिका पाहून लग्न जुळवणाऱ्यांनाही सहजी सापडणार नाही. समजा तो सापडला, तरी रेल्वेचे आरक्षण आहेच. ते नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी सुरू होते, म्हणजे कोणत्या सकाळी आठ वाजता सज्ज होऊन बसायचे हे उलटे मोजून काढावे लागते. मी घड्याळ लावून, ओळखपत्रांचे क्रमांक समोर मांडून, देवाला नमस्कार करून बसतो. परंतु पौर्णिमेचा शोध देशातल्या इतरही असंख्य कुटुंबांना लागलेला असल्यामुळे आठ वाजून काही मिनिटांनी आमचा प्रवेश थेट प्रतीक्षायादीत होतो. पुढचे दोन महिने घरात प्रकृतीची चौकशी व्हावी तशी त्या यादीची चौकशी होते.

मोटारीने जाण्याजोगे ठिकाण असेल तर आरक्षणाचा प्रश्न मिटतो, पण मग ‘लवकर निघण्याचा’ प्रश्न उपस्थित होतो. पहाटे साडेचारला निघालो की गर्दी लागत नाही, हे जे गुपित आमच्या मेहुण्याने मला विश्वासात घेऊन सांगितले होते, ते त्याने इतर कोणालाही सांगितले नसणार याची मला खात्री आहे. तरीही सप्टेंबरातल्या त्या शनिवारी दिवस उजाडताना खंबाटकी घाटात आमच्या पुढेमागे जी रांग होती, तिच्यातला प्रत्येक चालक गर्दी टाळण्यासाठीच लवकर निघालेला होता. आम्ही कास पठारावर निघालो होतो. 2012 साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कासचाही समावेश आहे. या दर्जामुळे त्या फुलांना काय वाटले हे कळायला मार्ग नाही, परंतु आमच्या सोसायटीत त्यानंतर कास न पाहिलेल्या माणसाकडे करवंचकाकडे पाहावे तसे पाहू लागले.

कासविषयी कोणी आधी सांगत नाही अशी एक गोष्ट म्हणजे तिथली बरीचशी फुले नखाएवढी असतात. छायाचित्रांत क्षितिजापर्यंत जांभळ्या सतरंज्या अंथरलेल्या दिसतात. प्रत्यक्षात जांभ्या खडकावरच्या बोटभर मातीत, साठलेल्या पाण्याच्या कडेने, मान खाली घालून शोधावे लागते. माझ्याशेजारी उभे असलेले एक सद्गृहस्थ गाइडने दाखवलेल्या ‘सीतेच्या आसवां’कडे बराच वेळ पाहत होते आणि शेवटी म्हणाले, “हे एवढंसं? यासाठी मी कोल्हापूरहून आलो?” मी मात्र उकिडवा बसलो आणि त्या फुलाने मला खरोखर गुंतवले. निळसर जांभळे, नाजूक, नावाप्रमाणेच डबडबलेले असे ते फूल वस्तुतः मांसाहारी वनस्पतीचे असते: ओल्या मातीत पसरलेल्या तिच्या सूक्ष्म पिशव्यांत पाण्यातले बारीक जीव ओढले जातात आणि तिथेच पचतात. वर आसवे आणि खाली सापळे, अशी ही व्यवस्था पाहून मला आमच्या कार्यालयातल्या एका वरिष्ठांची अतिशय तीव्रतेने आठवण झाली. हा विचार बायकोला सांगावा म्हणून मी वर पाहिले, तर बायको नव्हती. धुके आले होते. पठार, फुले, कोल्हापूरचे सद्गृहस्थ आणि माझे कुटुंब असे सर्व काही त्यात नाहीसे झाले होते, आणि चारी दिशांनी लोक एकमेकांना टोपणनावांनी हाका मारत होते.

परतताना गाइड अगदी मनापासून हळहळत म्हणाला, “तुम्ही मागच्या आठवड्यात यायला हवं होतं, साहेब. काय फुललं होतं!”

हे वाक्य मी देशाच्या अनेक भागांत, अनेक भाषांत ऐकले आहे. ट्यूलिपच्या बागेबाहेर शिकारेवाला हेच म्हणतो, खाडीतले फ्लेमिंगो दाखवणारा नावाडी हेच म्हणतो. विचारान्ती माझी अशी धारणा झाली आहे की मागचा आठवडा हेच भारतातले सर्वोत्तम पर्यटनस्थळ असून तिथे आजवर एकही पर्यटक पोहोचलेला नाही. पुष्करची गोष्ट तर या सिद्धान्ताचा लेखी पुरावाच मानावी लागेल. तो मेळा कार्तिकी पौर्णिमेला संपतो, म्हणून उंट पाहण्याच्या हौशीने शहरी मंडळी पौर्णिमा गाठतात. परंतु उंटांचे खरे सौदे आधीच्या दिवसांत उरकलेले असतात आणि पौर्णिमा येईपर्यंत बहुतेक व्यापारी आपापले उंट घेऊन वाटेला लागलेले असतात. उरतात ते सजवलेले, छायाचित्रापुरते थांबलेले उंट आणि एकमेकांची छायाचित्रे काढणारे आपण.

कासवांच्या बाबतीत मात्र परिस्थिती उलटी असते. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी कुंपण घातलेल्या वाळूत जपतात, आणि साधारणपणे पन्नासेक दिवसांनी पिल्ले आपणहून वर येतात. घरट्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात. सकाळी आणि संध्याकाळी कार्यकर्ते एकेक टोपली उचलून पाहतात. खाली पिल्ले असली तर त्यांना वाळूवर सोडतात आणि ती सरसर समुद्राकडे जातात. आम्ही संध्याकाळी पोहोचलो तेव्हा दोरीच्या अलीकडे शे-दोनशे माणसे दाटीवाटीने उभी होती. पहिली टोपली उचलली गेली, तेव्हा लग्नात अंतरपाट दूर होताना पसरते तशी शांतता पसरली. खाली वाळू होती. दुसऱ्या टोपलीखालीही वाळू होती. पाचव्या टोपलीपर्यंत लोकांना वाळूचा कंटाळा आला आणि मागून एक काका करारी आवाजात म्हणाले, “अहो, आम्ही राहायचे पैसे आगाऊ भरलेत!”

तो कार्यकर्ता पोरगेलासा होता. त्याने टोपली जागेवर ठेवली, हात झटकले आणि अत्यंत आदराने उत्तर दिले, “हो काका, पण ते कासवाला कळवायचं राहिलं.”

मला स्वतःला त्या कासविणीचे फार कौतुक वाटते. ती रात्री येते, खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. मुलांचे पुढे कसे होईल, कोणती शाळा मिळेल, याची चौकशी करायला परत येत नाही. तिच्या पिल्लांना पाहण्यासाठी मात्र आम्ही आमच्या पिल्लाला गाडीत दोन वेळा उलटी होईपर्यंत घाटातून फिरवून आणले होते. रविवारी सकाळीही टोपल्यांखाली वाळूच निघाली. सोमवारी मी कार्यालयात पहिल्या फायलीचा बंद सोडत असताना, ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या यजमानांनी मोबाइलवर चित्रफीत पाठवली: पिल्लांची रांगच्या रांग समुद्राकडे निघाली होती, आणि किनाऱ्यावर एकही पर्यटक नव्हता. तेवढ्यासाठीच ती थांबली असावीत.

काजव्यांविषयी थोडक्यात आटोपतो. चमकणे हा त्यांचा परस्परांतला खाजगी पत्रव्यवहार असतो. नर मादीला साद घालतात आणि त्यासाठी त्यांना काळोख लागतो. म्हणून तिथे टॉर्च आणि फ्लॅश वापरू नये असे बजावलेले असते, आणि ती सूचना नीट वाचता यावी म्हणून लोक तिच्यावर टॉर्च मारतात. वळणावरून खाली पाहताना मुलगी आनंदाने ओरडली, “बाबा, केवढे काजवे! लाल आहेत!” ते घाटात अडकलेल्या गाड्यांचे मागचे दिवे होते. मी तिची समजूत मोडली नाही, कारण मोजून पाहता त्यांची संख्या झाडावरच्या काजव्यांहून अधिक भरली.

या सगळ्या बेभरवशाच्या कारभारात शिस्त पाहिली ती नागालँडची. कोहिमाजवळ किसामा इथला हॉर्नबिल महोत्सव, म्हणजे नागा जमातींच्या नाचगाण्यांचा सोहळा, 2000 साली सुरू झाला आणि तो 1 ते 10 डिसेंबर असतो म्हणजे असतो. पाऊस, पौर्णिमा, अंडी यांवर त्याचे काहीही अवलंबून नाही. मी घरी त्याची जोरदार शिफारस केली. पण त्यासाठी इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांना राज्यात शिरण्यासाठी लागणारा परवाना काढा, विमानाने दिमापूर गाठा, तिथून डोंगरातल्या रस्त्याने कोहिमा चढा, असे सर्व यथासांग केले की शनिवार संपलेला असतो आणि रविवारी परतीला निघावे लागते. जिथली तारीख पक्की असते तिथे पोहोचता येत नाही, आणि जिथे पोहोचता येते तिथे तारीख पक्की नसते. लेखा विभागाच्या भाषेत याला ताळेबंद जुळणे म्हणतात.

सध्या घरात नीलकुरिंजीचा विषय चालू आहे. मुन्नारजवळ एराविकुलमच्या डोंगरउतारांवर ती बारा वर्षांतून एकदा फुलते. 2006 साली फुलली, 2018 साली फुलली, आणि आता 2030 साली फुलणार आहे. पहिल्या वेळी आमचे लग्न झालेले नव्हते. दुसऱ्या वेळी माझे लेखापरीक्षण होते, आणि त्या लेखापरीक्षणाचा उल्लेख अजूनही भाजीत मीठ कमी पडले तरी होतो. या खेपेस कोणतीही सबब चालणार नाही असे बजावण्यात आले आहे. 2030 चे कॅलेंडर बाजारात यायला अवकाश असला तरी बायकोने बोटांवर मोजून काढले आहे, की त्या वर्षीचा स्वातंत्र्यदिन गुरुवारी येतो. म्हणजे मधल्या शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस सलग मिळतात. फुले त्याच चार दिवसांत असतील का, असे विचारण्याचे धाडस मी केले नाही. मी गुपचूप 16 ऑगस्ट 2030 च्या नैमित्तिक रजेचा अर्ज लिहिला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. तो संध्याकाळी परत आला. त्यावर हिरव्या शाईत शेरा होता: ‘सदर दिनांकासाठी या विभागातून यापूर्वीच दोन अर्ज प्राप्त असून, त्यांपैकी एक अधोस्वाक्षरीकर्त्याचा आहे.’