‘हे दुःखच मुळी उसने’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माझ्या गेल्या आठवड्यातील लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा तो वाढला आणि तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर उत्तर लिहायला बसलो. व्हर्जिनिया विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ अमेरिकी महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेत 19 मार्च 2024 रोजी ओहायोतील डेटन येथे कोलोरॅडो स्टेटकडून 67–42 असा हरला. त्या रात्री आम्ही काही माजी विद्यार्थी आपापल्या घरी दूरचित्रवाणीसमोर बसून एकमेकांना जुने पराभव आठवून देत होतो, एवढाच त्या लेखाचा विषय होता. त्यावर आपण लिहिता : “संघाने सपाटून मार खाल्ला की जुने पराभव बाहेर काढून त्यांना कुरवाळत बसायचे, हा चाहत्यांचा जुना धंदा आहे. मध्यंतराला 14 गुण ही नियतीची थट्टा नाही, खेळण्याच्या पद्धतीचे फळ आहे. त्यावर लेखात एक ओळ नाही. आणि सांगलीच्या माणसाला व्हर्जिनियाचे कसले आले दुःख? हे दुःखच मुळी उसने.” यापुढे हसण्याची तीन चिन्हे आहेत. त्याखाली, जणू काही राहून गेले म्हणून, माझी एक चूक दाखवली आहे.

चुकीपासून सुरुवात करतो, कारण ती खरी आहे. राष्ट्रीय स्पर्धेत सोळाव्या, म्हणजे गटातील शेवटच्या, मानांकनाच्या संघाने पहिल्या मानांकनाच्या संघाला हरवण्याची घटना 2018 साली ‘इतिहासात प्रथमच’ घडली, असे मी लिहिले होते. ते पुरुषांच्या स्पर्धेपुरतेच खरे आहे. महिलांच्या स्पर्धेत हार्वर्डने स्टॅनफर्डला 1998 सालीच, तेही स्टॅनफर्डच्या स्वतःच्या मैदानावर, 71–67 असे हरवले होते. लेखात दुरुस्ती केली आहे आणि त्याबद्दल आभार. परंतु त्या एका सुटलेल्या शब्दावरून ‘मुलींचा खेळ यांच्या खिजगणतीतही नसतो’ हा निष्कर्ष काढण्याची घाई झाली. माझी मुलगी शाळेच्या संघातून खेळते आणि गेली चार वर्षे हिवाळ्यातील प्रत्येक शनिवारची सकाळ मी कुठल्या ना कुठल्या शाळेच्या व्यायामशाळेतील लाकडी बाकांवर काढतो. असो.

आता ‘धंदा’ या शब्दाविषयी. धंद्यात काही मिळकत होते. माझ्या चोवीस वर्षांच्या चाहतेपणात मिळकतीच्या बाजूला एक विजेतेपद आहे, आणि दुसऱ्या बाजूला काय आहे ते ज्या लेखात सविस्तर लिहिले, तोच लेख वाचून आपण मला धंदेवाईक म्हणता. मतभेद मी समजू शकतो. हसण्याची चिन्हे मात्र मला समजत नाहीत. एखाद्याच्या घरी काही वाईट घडले, ते घडणे तुमच्या दृष्टीने कितीही क्षुल्लक असले, तरी दारात उभे राहून तीनदा हसण्याची पद्धत आपल्याकडे नव्हती.

पण मला खरोखर लागले ते शेवटचे वाक्य. ‘हे दुःखच मुळी उसने.’

उसने या शब्दाचा अर्थ आपल्याला माहीत असेलच. शेजारून वाटीभर साखर उसनी आणली तर ती परत करायची असते. मी हे दुःख 2001 सालच्या मार्च महिन्यात घेतले आणि ते अजून कोणी परत मागायला आलेले नाही. 2000 च्या ऑगस्टमध्ये मी व्हर्जिनिया विद्यापीठाच्या गावी, शार्लट्सव्हिलला, अभियांत्रिकीच्या पुढील शिक्षणासाठी आलो. त्या वेळी संघ युनिव्हर्सिटी हॉलमध्ये खेळत असे. उलट्या वाटीसारखे छत असलेली काँक्रीटची ती जुनी इमारत मला पहिल्यांदा धान्याच्या कोठारासारखी वाटली होती. खेळाचे नियम मला येत नव्हते. थंडीत ऊब मिळते आणि विद्यार्थ्याला आत सोडतात म्हणून मी गेलो, हे प्रांजळपणे सांगतो. मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत पाचव्या मानांकनाचा आमचा संघ बाराव्या मानांकनाच्या गोंझागाकडून 86–85 असा एका गुणाने हरला, आणि मी ज्यांच्या तळघरातील खोलीत भाड्याने राहत होतो त्या वृद्ध घरमालकीणबाईंच्या दिवाणखान्यात, त्यांच्या कुत्र्याशेजारी जमिनीवर बसून, मला आयुष्यात प्रथमच कळले की ज्या माणसांना आपण ओळखतही नाही त्यांच्या हातून निसटलेल्या चेंडूमुळे आपल्याला जेवण जात नाही.

बाईंनी माझी समजूत घातली नाही. त्यांनी मला चॅमिनाड सांगितले. 23 डिसेंबर 1982 रोजी देशातील अव्वल क्रमांकाचा व्हर्जिनिया संघ, ज्यात सात फूट चार इंच उंचीचा राल्फ सॅम्पसन होता, होनोलुलूमधील चॅमिनाड नावाच्या एका चिमुकल्या महाविद्यालयाकडून 77–72 असा हरला. इकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, आणि बाईंना दुसऱ्या दिवशी तो निकाल समजला तेव्हा आधी ती छपाईची चूक वाटली होती. हे सारे त्यांनी अशा थाटात सांगितले की जणू घरातील एखाद्या पूर्वजाने शेती कशी घालवली ती कथा सांगत आहेत. नंतर म्हणाल्या, आता तुझी एक झाली, माझ्या पुष्कळ आहेत. त्या बाई आता नाहीत. जे त्यांनी मला दिले त्याला तुम्ही उसने म्हणा, मी म्हणणार नाही.

आणि सांगलीचा उल्लेख तुम्ही केलाच आहे, तर सांगलीचेही सांगतो. (‘आपण’वरून ‘तुम्ही’वर आलो आहे, हे माझ्या लक्षात आले आहे. राहू द्या.) आमच्या घरात बेचाळीस हा आकडा माझ्या जन्माआधीपासून शिवीसारखा वापरला जात असे. 24 जून 1974 रोजी लॉर्ड्सवर भारताचा दुसरा डाव 17 षटकांत 42 धावांवर संपला. इंग्लंडने आधी 629 धावा केल्या होत्या आणि सामना एक डाव आणि 285 धावांनी गेला. त्या 42 मध्ये एकनाथ सोलकरच्या 18 नाबाद धावा होत्या. वडिलांना हे सारे आकडे पाठ आहेत आणि ते त्यांनी मला पाढ्यांच्या जोडीने शिकवले. नववीत गणितात 42 गुण मिळाले तेव्हा त्यांनी प्रगतिपुस्तकावर सही करताना एवढेच विचारले, “यात सोलकरचे किती?” 1971 मध्ये इंग्लंड जिंकून आलेल्या ज्या अजित वाडेकरांची मुंबईत मिरवणूक निघाली, त्यांच्याच घरावर तीन वर्षांनी दगड पडले. दगड मारणारे आणि सोलकरच्या अठरा धावा पाठ करून बसणारे असे चाहत्यांचे दोन प्रकार असतात, असे वडील म्हणत. मी दुसऱ्या प्रकारच्या घरात वाढलो. त्यामुळे गेल्या मंगळवारी रात्री सव्वाअकराच्या सुमारास पडद्यावर आमच्या नावापुढे 42 हा आकडा कायमचा थांबला, तेव्हा मी आधी फोन उचलला आणि सांगलीला लावला. तिकडे सकाळ होती. 67–42 एवढे ऐकल्यावर वडिलांनी, ज्यांनी बास्केटबॉलचा एकही सामना पूर्ण पाहिलेला नाही, ताबडतोब विचारले, “मग तुमच्यात सोलकर कोण?” मला उत्तर देता आले नाही.

हे उसने असेल तर अस्सल कशाला म्हणायचे, हे एकदा सविस्तर लिहून कळवावे. बार्सिलोनाच्या पराभवाने कोल्हापुरात हळहळणारी मुले मी पाहिली आहेत आणि त्यांना कोणी जन्माचा दाखला मागत नाही. मी तर ज्या विद्यापीठाचे शुल्क भरले, ज्याच्या ग्रंथालयात रात्री काढल्या, त्याच संघाबद्दल बोलतो आहे.

‘कुरवाळणे’ या क्रियापदाविषयीही थोडे बोलले पाहिजे. 16 मार्च 2018 रोजी उत्तर कॅरोलायनातील शार्लटमध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेच्या संघाने आम्हांला 74–54 असे हरवले. त्याआधी पुरुषांच्या स्पर्धेत पहिल्या मानांकनाचे संघ सोळाव्याशी 135 वेळा खेळले होते आणि 135 वेळा जिंकले होते. आमचा संघ 31 सामने जिंकून आणि केवळ दोन हरून तेथे पोहोचला होता. मध्यंतराला 21–21 अशी बरोबरी होती आणि नंतरच्या वीस मिनिटांत त्यांनी 53 गुण केले. शेवटच्या सेकंदाला एखाद्याने लांबून बास्केट टाकली असती तर आम्ही नशिबाला दोष दिला असता. वीस गुणांच्या अंतराने तीही सोय ठेवली नाही. त्या रात्री गुडघ्यांवर हात टेकून वाकलेल्या स्थितीत ज्याचे छायाचित्र निघाले, त्या काइल गायने ते छायाचित्र पुढे समाजमाध्यमावर आपल्याच नावाशेजारी लावून ठेवले. कोणाला तो कुरवाळत बसला आहे असे वाटले असेल. वर्षभराने उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध 0.6 सेकंद उरलेले आणि संघ दोन गुणांनी मागे असताना त्याच गायने तीन फ्री थ्रो (प्रत्येकी एका गुणाचे मोकळे फेक) एकामागून एक टाकले, सामना 63–62 असा जिंकला आणि दोन दिवसांनी मिनियापोलिसमध्ये टेक्सस टेकला जादा वेळेत 85–77 असे हरवून आमचे पहिले विजेतेपद आले. आठवण ठेवल्यानेच तो जिंकला, असे मी म्हणत नाही. आठवण ठेवणारा माणूस हातपाय गाळून बसलेला असतो, हे तुमचे गृहीतक मात्र त्याला लागू पडत नाही.

आणखी एक उदाहरण लेखात राहून गेले, ते तुमच्यासाठी येथे देतो. 30 डिसेंबर 2013 रोजी टेनेसीने आम्हांला 87–52 असे हरवले. पस्तीस गुण! म्हणजे डेटनपेक्षा दहा अधिक. त्यानंतर जो हॅरिस हा ज्येष्ठ खेळाडू प्रशिक्षक टोनी बेनेट यांच्या घरी जाऊन बसला आणि त्या दोघांत जे बोलणे झाले त्याची कथा शार्लट्सव्हिलमध्ये आजही सांगितली जाते. त्या मोसमात संघ आपल्या विभागात 16 सामने जिंकून दोनच हरला आणि 1976 नंतर प्रथमच विभागीय स्पर्धा जिंकला. म्हणून एकतर्फी पराभव झाला की आमच्यातील कोणीतरी ‘टेनेसी’ एवढाच एक शब्द लिहून पाठवतो. त्या मंगळवारीही पाठवला होता. खरे सांगायचे तर या वेळी त्याला कोणी उत्तर दिले नाही, कारण टेनेसीनंतर मोसम शिल्लक होता आणि डेटननंतर काहीच नव्हते.

राहिला प्रश्न खेळण्याच्या पद्धतीचा. तुमचे म्हणणे असे की संथ खेळून, प्रत्येक चढाईला मिळणारी घड्याळाची तीस सेकंदे शेवटपर्यंत वापरून, बचाव बास्केटभोवती आक्रसून घेऊन संघ प्रतिस्पर्ध्याला कमी संधी देतो, पण स्वतःलाही कमीच ठेवतो. त्यामुळे एकदा मागे पडला की भरून काढायला चेंडूच हाती येत नाहीत. फ्लोरिडाकडून 2012 मध्ये 71–45, पुन्हा फ्लोरिडाकडूनच 2017 मध्ये 65–39, नंतर 2018 आणि आता हे, असे चारही पराभव तुम्ही एकाच माळेत ओवले आहेत. फ्लोरिडाने दोन्ही वेळा नेमके 26 गुणांनी हरवले, हे माझ्याही लक्षात आले नव्हते. 2019 च्या विजेतेपदानंतर 2024 च्या मार्चपर्यंत संघ राष्ट्रीय स्पर्धेत एकही सामना जिंकलेला नव्हता, हेही तुम्ही लिहिले आहे आणि ते खरे आहे. परंतु त्याच पद्धतीने 2019 चे विजेतेपद दिले, आणि ते तुम्ही एका ओळीत उरकले. शिवाय माझा लेख डावपेचांवर नव्हताच. ज्यांना डावपेच वाचायचे आहेत त्यांच्यासाठी जागा पुष्कळ आहेत.

उलट तुम्ही ज्याची थट्टा केली, तो फर्मन विद्यापीठाकडून झालेल्या पराभवाविषयीचा परिच्छेद पुन्हा एकदा शांतपणे वाचावा अशी विनंती आहे. 2019 मध्ये पर्ड्यूविरुद्ध शेवटच्या क्षणी लांब निसटलेला चेंडू पकडून ज्या किहाई क्लार्कने तो मामादी दियाकितेकडे अचूक फेकला आणि सामना जादा वेळेत नेला, त्याच क्लार्कने 2023 मध्ये फर्मनविरुद्ध कोपऱ्यात अडकल्यावर चेंडू दूर भिरकावला, तो त्यांच्या हाती पडला आणि आम्ही 68–67 असे हरलो. एकच खेळाडू, एकच हात. हे लिहिताना मी ‘नियती’ हा शब्द एकदा वापरला. तुम्ही तो मोजून तीनदा माझ्या तोंडी घातला आहे.

युनिव्हर्सिटी हॉल 2019 च्या मे महिन्यात, विजेतेपदानंतर दीड महिन्याने, सुरुंग लावून पाडला. तो पडताना पाहायला मी माझ्या मुलीला घेऊन गेलो होतो आणि परतताना गाडीत तिला गोंझागा सांगितले, नंतर चॅमिनाड. डेटनच्या रात्री ती मध्यंतरालाच झोपायला गेली. जाताना जिन्यावरून तिने विचारले की चौदा हा आकडा आजवरचा सर्वांत कमी आहे का. मी तिला सकाळी सांगतो म्हणालो.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. हसण्याची तीन चिन्हेही जागच्या जागी आहेत. हार्वर्डचा उल्लेख लेखाच्या चौथ्या परिच्छेदात घातला आहे, तो एकदा नजरेखालून घालावा.